हात वर कसा जातो?

(द्वितीय वर्ष, कला)

विषय वाचून काहींना वाटेल की, हा लेख चुकून एखाद्या विज्ञान महाविद्यालयाच्या अंकातून आपल्या अंकात आला. तसे नाही. मी मराठी विषय घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकत आहे. शरीरशास्त्र माझ्या अभ्यासक्रमात नाही. पण गेल्या वर्षी आमच्या घरातला एक हात वर जाईनासा झाला. तो का जात नाही हे समजून घेण्यात माझे सहा-सात महिने गेले. त्या अभ्यासाची ही टिपणे आहेत. विज्ञानाचे शिक्षण माझ्याप्रमाणेच दहावीला संपलेल्या वाचकांना ती कळावीत, एवढाच हेतू आहे.

घरची गोष्ट

माझे वडील रंगकाम करतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ते चौथीपर्यंत शिकले आणि पंधराव्या वर्षी त्यांनी हातात कुंचा घेतला. आधी चुना, मग डिस्टेंपर आणि आता प्लास्टिक पेंट. आमच्या धंद्यात रंगाच्या एका थराला 'हात' म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. भिंतीला दोन हात मारायचे म्हणजे छतालाही दोन हात आले, आणि छताला रंग देताना माणसाचा हात तासन् तास डोक्याच्या वर असतो. सुट्टीत मीही अण्णांबरोबर जातो. परांचीवर उभे राहून अर्धा तास छत रंगवले की माझा खांदा भरून येतो. अण्णांनी हे काम चाळीस वर्षे केले.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी, म्हणजे ऐन कामाच्या दिवसांत, ते एका संध्याकाळी लवकर घरी आले. आईने विचारले तेव्हा म्हणाले, "हात वर जातोय, पर ऱ्हात न्हाई." ठेकेदाराला वाटले, हा कामचुकारपणा. शेजाऱ्यांना वाटले, वात. मला वाटले, खांद्यातला जोर कमी झाला आहे. मग मी प्लास्टिकच्या दोन लिटरच्या बाटलीत पाणी भरले आणि सकाळ-संध्याकाळ ती बाजूने वर उचलायला लावली. "जोर लावा अण्णा, अजून जोर लावा," असे मी म्हणत असे. त्यांना दुखत होते, पण त्यांनी ते पंधरा दिवस केले. "पोरगं कालेजात शिकतंय, त्याला कळतंय," असे ते आईला सांगत. सोळाव्या दिवसापासून त्यांना त्या कुशीवर झोपता येईना.

शेवटी आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टरबाईंनी अण्णांना हात वर करायला सांगितला. हात जेमतेम अर्ध्यापर्यंत गेला. उलट खांदाच कानाकडे सरकला. मग बाईंनी तो हात आपल्या हातात घेऊन सावकाश वर नेला, तर तो कानाला लागला! त्यांनी हात सोडला आणि तो खाली पडला. त्या मला म्हणाल्या, "पाहिलंस? सांधा आखडलेला नाही. आखडला असता तर मलाही उचलता आला नसता. आतला धरणारा फाटला आहे." नंतर सोनोग्राफीत तेच दिसले. दुखण्याचे नाव त्यांनी सांगितले ते 'रोटेटर कफ'चे. अण्णा म्हणाले, "बाई, पर मला खोकला न्हाई." बाई हसल्या आणि त्यांनी माझ्या शर्टाच्या बाहीचा कफ धरून दाखवला. मनगटाभोवती हा कफ असतो तसा खांद्याच्या हाडाभोवती स्नायूंचा कफ असतो.

माझ्या मनात एकच प्रश्न राहिला. हात उचलणारा स्नायू जर शाबूत आहे, तर हात का उचलला जात नाही?

उखळ नव्हे, बशी

शाळेत आपण सांध्यांचे प्रकार शिकतो. कोपराचा सांधा बिजागरीचा. खांद्याचा आणि खुब्याचा उखळीचा. खुब्याला हे नाव शोभते. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडाच्या खोल खळग्यात बसलेला असतो. खांद्याला मात्र ते शोभत नाही. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा आणि तो ज्यात बसतो ती पाठीवरच्या फऱ्याची खळगी लहान व उथळ. गोळ्याचा जेमतेम पाव ते एकतृतीयांश भाग एका वेळी खळगीला टेकलेला असतो. खळगीच्या काठाने एक चिवट कडा असते, तिने खोली थोडी वाढते, इतकेच. हे उखळ नव्हे, ही बशी आहे. आणि तीही आडवी ठेवलेली नाही, उभी धरलेली.

निसर्गाने असे का केले? कारण खोल उखळीत फिरायला जागा कमी असते. आपला हात पुढे, मागे, वर आणि गोल जितका फिरतो तितका शरीरातला दुसरा कोणताही मोठा सांधा फिरत नाही. भिंतीचा तळ आणि छताचा कोपरा एकाच जागी उभे राहून गाठता येतो तो त्यामुळे. पण या मोकळेपणाची किंमत द्यावी लागते. गोळा बशीवरून घसरू नये म्हणून त्याला हाडाऐवजी स्नायूंनी धरून ठेवावे लागते.

उचलणारा आणि धरणारे

खांद्यावर गोलाकार दिसणारा जाड स्नायू म्हणजे डेल्टॉइड. 'डेल्टा' या ग्रीक अक्षरासारखा तो त्रिकोणी असतो, म्हणून हे नाव. तो गळ्याखालच्या आडव्या हाडापासून व फऱ्याच्या वरच्या भागापासून निघतो आणि दंडाच्या साधारण मध्यावर, बाहेरच्या बाजूला चिकटतो. हात बाजूने वर उचलण्याचे मुख्य काम त्याचे.

आता हात खाली लोंबत आहे अशी कल्पना करावी. त्या वेळी डेल्टॉइडची ओढ कोणत्या दिशेला असते? जवळजवळ सरळ वर, हाडाच्या लांबीच्या दिशेनेच. एकट्या डेल्टॉइडने जोर केला तर हात बाहेरच्या बाजूला उचलला जाण्याऐवजी सगळे हाडच वर सरकेल आणि गोळा वरच्या हाडाला जाऊन भिडेल. त्या वरच्या हाडाला ॲक्रोमियन म्हणतात. ते खांद्याचे छप्परच आहे. छप्पर आणि गोळा यांच्यामध्ये साधारण एक सेंटिमीटरची फट असते.

हे वाचताना मला आमची शिडी आठवली. लांब शिडी जमिनीवर आडवी पडलेली असते. ती उभी करायला दोन माणसे लागतात. एक जण वरचे टोक उचलून एकेक पायरी धरत पुढे येतो. दुसरा बुडाशी पाय रोवून उभा राहतो. बघणाऱ्याला वाटते, हा दुसरा रिकामाच उभा आहे. पण त्याने पाय काढला तर शिडी उभी राहत नाही. बुडाकडून घसरत जाते. उचलणाऱ्याचा जोर तितकाच असतो, पण त्या जोराने शिडी उठण्याऐवजी सरकते.

खांद्यातही तसेच आहे. डेल्टॉइड हा उचलणारा, आणि बुडाशी पाय रोवून उभा राहणारा म्हणजे रोटेटर कफ. कफचे स्नायू गोळ्याला बशीत दाबून धरतात आणि किंचित खाली ओढतात. त्यामुळे गोळा जागच्या जागी फिरतो आणि वरच्या ओढीचे रूपांतर हात उचलण्यात होते. एकाची ओढ वर, दुसऱ्याची आत आणि खाली. दोन्ही मिळून वळण तयार होते.

मी पंधरा दिवस काय करत होतो ते येथे मला कळले. मी उचलणाऱ्याचा जोर वाढवत होतो आणि बुडाशी उभ्या असलेल्या माणसाचा पाय मोडला होता.

चार स्नायू

हे धरणारे स्नायू चार आहेत. त्यांची लॅटिन नावे मोठी आहेत, पण अर्थ पाहिला तर ती पत्त्यासारखी आहेत. आपल्या फऱ्यावर, मागच्या बाजूला, वरच्या भागात एक आडवी धार हाताला लागते. त्या धारेच्या वर असतो तो सुप्रास्पायनेटस, म्हणजे धारेवरचा. धारेच्या खाली असतो तो इन्फ्रास्पायनेटस, म्हणजे धारेखालचा. त्याच्याही खाली, काखेकडे एक लहान गोलसर स्नायू आहे, तो टेरिस मायनर. चौथा सबस्कॅप्युलॅरिस, तो फऱ्याच्या आतल्या अंगाला, फरा आणि बरगड्या यांच्यामध्ये असतो. चौघांत मोठा हाच, आणि बाहेरून मुळीच न दिसणाराही हाच.

धारेवरचा स्नायू छपराखालच्या त्या फटीतून येऊन गोळ्याच्या माथ्याला चिकटतो. धारेखालचा आणि लहान गोल मागच्या बाजूने येतात. चौथा पुढून येतो. चौघांच्या कंडरा, म्हणजे स्नायूची दोरीसारखी चिवट टोके, एकमेकींत मिसळून गोळ्याभोवती बाहीच्या कफसारखे वेष्टण करतात. मागच्या दोघांनी ओढले की दंड बाहेरच्या बाजूला वळतो, पुढच्याने ओढले की आत वळतो. म्हणून ते 'रोटेटर', म्हणजे वळवणारे. पण हात उचलताना पुढचा आणि मागचे एकाच वेळी ओढतात. त्यामुळे गोळा पुढेही जात नाही आणि मागेही जात नाही, मध्यावर राहतो.

पुस्तकातले पंधरा अंश

आमच्या शारीरिक शिक्षणाच्या सरांकडून मी शरीररचनेचे एक जुने पुस्तक घेतले. त्यात एक वाक्य होते. हात उचलण्याचे पहिले सुमारे १५ अंश धारेवरचा स्नायू पार पाडतो आणि पुढचे काम डेल्टॉइड घेतो, असा त्याचा आशय. मी ते वहीत उतरवून पाठ केले आणि फिजिओथेरपीच्या बाईंना मोठ्या आनंदाने सांगितले. त्या म्हणाल्या, "हे पुष्कळ पुस्तकांत आहे. पण ते तसे नाही."

आमच्या घरात छापलेले ते खरे, अशी समजूत आहे. अण्णा तर वर्तमानपत्राच्या कागदावर पाय पडला तरी हात लावून नमस्कार करतात. त्यामुळे मला हे खोल लागले. पण त्यांनी नीट समजावून दिले. १९४४ साली इनमन, साँडर्स आणि ॲबट या तिघांनी अमेरिकेत खांद्याच्या हालचालींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. स्नायू काम करू लागला की त्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. ती त्यांनी मोजली. त्यात दिसले ते असे की, धारेवरचा स्नायू आणि डेल्टॉइड सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबरच काम करतात. १९६३ साली व्हॅन लिंगे आणि मुल्डर यांनी निरोगी माणसांच्या खांद्यातील एका मज्जातंतूला बधिर करणारे औषध टोचून धारेवरचा स्नायू तात्पुरता निकामी केला. तरीही त्या माणसांचा हात पूर्ण वर गेला! मात्र जोर कमी झाला आणि हात लवकर थकला. अलीकडच्या मोजण्यांतही असेच दिसते की, हात हलण्याच्या आधीच कफचे स्नायू, डेल्टॉइड आणि फऱ्याचे स्नायू मिळून जागे झालेले असतात. एकाने सुरू करायचे आणि दुसऱ्याने पुढे न्यायचे, अशी पाळी तेथे नाही.

साहित्याच्या अभ्यासातही आपण पाठ केलेली मते लिहितो. ती कोणी, केव्हा आणि कशावरून मांडली, हे विचारले पाहिजे हे मी येथे शिकलो.

फरा आणि अंगठा

हात वर जाण्यात आणखी दोन गोष्टी आहेत. दोन्ही वाचकांना स्वतः करून पाहता येतील. ज्यांचा खांदा दुखत असेल त्यांनी मात्र करू नयेत.

पहिली गोष्ट फऱ्याची. मित्राच्या मागे उभे राहून त्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकावर आपला अंगठा ठेवावा आणि त्याला हात बाजूने वर न्यायला सांगावे. ते टोक बाहेर, काखेकडे सरकत जाते. म्हणजे बशी स्वतःच वर वळते. हात पायाकडून डोक्याकडे जातो तेव्हा एकूण सुमारे १८० अंशांचा प्रवास होतो. त्यातले सुमारे १२० अंश गोळा बशीत फिरल्यामुळे आणि सुमारे ६० अंश बशीसकट फरा फिरल्यामुळे, असा हिशेब त्या १९४४ च्या अभ्यासात आहे. माणसागणिक हे प्रमाण थोडेफार बदलते. फरा फिरवण्याचे काम मानेपासून पाठीपर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस आणि बरगड्यांवरचा सेरेटस अँटीरियर हे स्नायू करतात. अण्णांचा खांदा कानाकडे जात होता त्याचे कारण हेच. सांध्यात जे होत नव्हते ते ते फरा वर चढवून भरून काढू पाहत होते.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. हात लांब करून अंगठा जमिनीकडे वळवावा आणि तसाच ठेवून हात बाजूने वर न्यावा. खांद्याच्या थोडे वर गेल्यावर तो अडतो. आता अंगठा छताकडे करावा. हात सहज पुढे जातो. गोळ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा आहे. दंड बाहेर वळला नाही तर तो छपराखाली अडकतो. हे बाहेर वळवण्याचे काम मागच्या दोन स्नायूंचे, म्हणजे धारेखालच्याचे आणि लहान गोलाचे. आपण हात वर करताना ते आपोआप होते, म्हणून आपल्याला त्याची जाणीव नसते.

छताचा हिशेब

एका हाताचे वजन शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के असते. अण्णांचे वजन ६० किलो. म्हणजे हात ३ किलोचा. हात आडवा धरला की त्याचे वजन खांद्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर पडते असे समजावे. स्नायूंची ओढ मात्र सांध्याच्या मध्यापासून २-३ सेंटिमीटरवरच असते. तरफेच्या नियमाने ३ किलो तोलायला स्नायूंना मिळून ३० किलोहून अधिक ओढ लावावी लागते. १९७८ साली पॉपन आणि वॉकर यांनी काढलेल्या हिशेबात, हातात काहीही नसताना हात ९० अंशांवर असला तर सांध्यावरचा दाब शरीराच्या वजनाच्या ८९ टक्के भरला. म्हणजे अण्णांच्या बाबतीत ५३ किलो. हातात रंगाने भिजलेला अर्ध्या किलोचा कुंचा घेतला तर तो खांद्यापासून दुप्पट अंतरावर असल्यामुळे भार आणखी तृतीयांशाने वाढतो.

हात आडव्याच्या वर गेल्यावर तरफ थोडी कमी होते, पण विसावा मिळत नाही. ओझे उचलणारा हमाल ओझे टाकून मोकळा होतो. छत रंगवणाऱ्याचे स्नायू ताणलेलेच राहतात, आणि सतत ताणलेल्या स्नायूत रक्त कमी खेळते. त्यातून धारेवरच्या स्नायूची कंडरा त्या अरुंद फटीतून जाते. १९७२ साली चार्ल्स नीअर या अमेरिकन शल्यविशारदांनी छपराखाली होणाऱ्या घासणीवर बोट ठेवले. पुढच्या संशोधनाने घासणीबरोबर वय आणि वर्षानुवर्षांचा भार यांनाही महत्त्व दिले. उतारवयात अनेकांची ही कंडरा फाटलेली असते आणि त्यातल्या पुष्कळांना काही दुखतही नाही. अण्णांना दुखले, कारण त्यांनी काम थांबवले नाही. आणि मी थांबू दिले नाही.

पुढे काय झाले

धारेवरच्या स्नायूची कंडरा फाटली असली तरी अण्णांचे पुढचा आणि मागचे मिळून तीन स्नायू चांगले होते. तेवढ्यावर गोळा धरून ठेवता येण्याची शक्यता असते. म्हणून शस्त्रक्रियेआधी तीन महिने व्यायाम करून पाहायचे ठरले. बाटली बंद झाली. कोपर बरगडीला चिकटवून रबरी पट्टी बाहेरच्या बाजूला हळूहळू ताणायची, आणि तळहात भिंतीवर ठेवून दुखणार नाही इतकाच वर सरकवायचा, असे व्यायाम बाईंनी दिले. भिंतीचा व्यायाम पाहून अण्णा म्हणाले, "ह्ये तर आमचं रोजचंच काम. फक्त रंग न्हाई."

रोज रात्री मी त्यांच्यासमोर बसून मोजत असे. पहिला महिना काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या महिन्यात ते त्या कुशीवर झोपू लागले. चौथ्या महिन्यात एका सकाळी ते आरशासमोर उभे राहून दोन्ही हातांनी डोक्याला तेल लावत होते. ते पाहून आई काही बोलली नाही. तिने नुसते मला खुणावले. हात अजून पूर्ण वर जात नाही. शस्त्रक्रिया सध्या टळली आहे. अण्णा आता भिंती करतात; छत मी सुट्टीत करतो, कुंच्याऐवजी लांब दांडीच्या रोलरने आणि मध्ये मध्ये थांबून. ठेकेदाराला हे थांबणे आवडत नाही. त्यालाही मी शिडीचे उदाहरण सांगून पाहिले. शिडीचे त्याला पटले, थांबण्याचे अजून पटलेले नाही.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी पोती उचलते, कोणी डोक्यावर घागर चढवते, कोणी माळ्यावर कडबा फेकते. त्यांचा हात वर जाईनासा झाला तर 'जोर लावा' असे सांगू नये. हात दुसऱ्याने उचलला तर जातो का, खांदा कानाकडे चढतो का, रात्री त्या कुशीवर झोप लागते का, एवढे पाहावे आणि डॉक्टरांकडे घेऊन जावे. घरातले लोक आपण कॉलेजात शिकतो म्हणून आपल्यावर विश्वास ठेवतात. जे आपण शिकलेलो नाही तेसुद्धा आपल्याला येते असे त्यांना वाटते. मला येत नव्हते, आणि तसे सांगायला मी पंधरा दिवस उशीर केला.

हा लेख मी छापण्याआधी अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि एकच दुरुस्ती सांगितली. शिडी उभी करताना बुडाशी जो उभा राहतो तो नेहमी जास्त अनुभवी माणूस असतो, तेवढे लिही म्हणाले. ते येथे लिहिले आहे.